क्लिनिकमधला तो वास पुन्हा पुन्हा का येतो? दाताच्या दवाखान्यासाठी समस्या निवारण

सोमवारी सकाळी शटर वर गेलं की पहिल्यांदा वास येतो. कुबट, थोडा गटारासारखा, त्यात लवंगेच्या तेलाचा शिळा दर्प. मग फिनेलने लादी पुसायची, रूम फ्रेशनर मारायचा, एसी लावायचा. पहिला पेशंट येईपर्यंत सगळं ठीक वाटतं, आणि पुढच्या सोमवारी तेच. पावसाळ्यात तर सोमवारची वाटही पाहावी लागत नाही. मुंबईत दाताची प्रॅक्टिस करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ही तक्रार मी ऐकली आहे, आणि उपाय म्हणून बहुतेक वेळा फिनेलचा ब्रँड बदललेला पाहिला आहे.

पेशंट याबद्दल सहसा बोलत नाहीत. पण खुर्चीत आडवं होऊन तोंड उघडणारा माणूस आपल्यावर पूर्ण विसंबलेला असतो. त्याच्या नाकाला जे जाणवतं ते सुगंधाने झाकणं मला पटत नाही. तो वास खरी माहिती देत असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. दाताच्या क्लिनिकमध्ये वास परत येत असेल तर कुठेतरी पाणी साचून राहिलेलं आहे, आणि जिथे साचलं आहे तिथे फडका पोहोचत नाही. ती जागा सापडेपर्यंत लादी कितीही घासली तरी फरक पडणार नाही.

आधी वास कधी येतो ते लिहा

एक आठवडा रूम फ्रेशनर, अगरबत्ती आणि सुगंधी फिनेल पूर्ण बंद ठेवा. लादी साध्या डिटर्जंटच्या पाण्याने पुसा. रिसेप्शनवर एक वही ठेवा आणि त्यात वास कधी आला, कुठे आला, तेव्हा काय चालू होतं एवढंच लिहा. नोंद असिस्टंट आणि सफाईच्या मावशींनी करावी. डॉक्टरांचं नाक दिवसभर मास्कआड असतं आणि आपल्याच जागेच्या वासाला सरावलेलंही असतं. ओळखीच्या एका क्लिनिकमध्ये मॅडम वरचेवर प्लंबर बोलावत होत्या. शेवटी मावशींनीच सांगितलं, "मॅडम, दाढ काढता ना तुम्ही, त्या दिवशी संध्याकाळी जास्त येतो. नुसती दातांची सफाई असली तर नाही येत." दोष सक्शनमध्ये होता, प्लंबर बेसिन खोलत होता.

आठवड्याच्या नोंदींतून बरंच कळतं. बंद जागा उघडल्यावर वास आणि तासाभरात कमी, तर बहुधा ट्रॅप, म्हणजे मोरीखाली पाणी साठवून गटाराची हवा अडवणारा भाग, सुकला आहे. सक्शन लावल्यावर आला तर सक्शनची गाळणी, नळ्या किंवा टाकी. एसी लावल्यावर पहिली काही मिनिटं आला तर एसीचा ट्रे. ग्लासातल्या किंवा थ्री-वे सिरिंजच्या (तोंडात हवा आणि पाणी मारायच्या पिचकारीच्या) पाण्यालाच वास असेल तर वॉटरलाइन, म्हणजे चेअरच्या आतल्या पाण्याच्या नळ्या. एकाच भिंतीपाशी, कपाट उघडल्यावर येत असेल तर ओल. दुपार सरल्यावर डब्यांपाशी येत असेल तर कचरा.

सुकलेला नहाणी ट्रॅप

मुंबईतली कित्येक छोटी क्लिनिकं मुळात क्लिनिक म्हणून बांधलेली नसतात. तळमजल्याचा फ्लॅट असतो, चाळीतल्या दोन खोल्या असतात, सोसायटीचा दुकानगाळा असतो. फर्निचर होतं, नवी लादी बसते, पण जुन्या मोरीचा नहाणी ट्रॅप तसाच राहतो. कधी ऑटोक्लेव्हच्या (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) ओट्याखाली, कधी एक्स-रेच्या कोपऱ्यात. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी उभं असतं, आणि गटारातली हवा तेवढंच पाणी अडवून धरतं. मोरी वापरात नसली की ते हळूहळू उडून जातं. मग खोली आणि गटार यांच्यामध्ये फक्त एक जाळी उरते.

तपासायला खर्च काहीच नाही. शनिवारी बंद करताना प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओता, वर चमचाभर लिक्विड पॅराफिन टाका म्हणजे पाणी लवकर उडत नाही. सोमवारी वास नसेल तर कारण सापडलं. जो ट्रॅप कधीच वापरात येणार नाही तो प्लंबरकडून कायमचा बंद करून घ्या.

पाणी भरलेलं असूनही वास येत असेल तर स्पिटूनची (चेअरजवळच्या थुंकायच्या भांड्याची) आणि सक्शनची नळी ट्रॅपमध्ये कशी सोडली आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी ती जाळीच्या भोकातून नुसती कोंबलेली असते आणि भोवतीच्या फटीतून हवा वर येते. तिथे रबरी सील हवं. नळीला उतारही हवा. मध्ये झोळ पडला की थुंकी, रक्त आणि पॉलिशिंग पेस्ट त्या झोळात बसून राहतात.

वरच्या मजल्यावर फ्लश झाला की बेसिनमधून गुडगुड आवाज येत असेल, तर मोठ्या पाइपमधून खाली जाणारं पाणी तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं आहे. हे क्लिनिकच्या आतून सुटत नाही, त्यासाठी व्हेंट पाइप (ड्रेनला बाहेरची हवा देणारा पाइप) लागतो आणि सोसायटीशी बोलावं लागतं. सेक्रेटरींना पत्र द्या, त्यात हा आवाज आणि वेळा लिहा. नुसतं "वास येतो" लिहिलं तर ते तुमच्याच सफाईकडे बोट दाखवतील. हिंदमाता, सायन, किंग्ज सर्कल अशा सखल भागात तळमजल्यावर क्लिनिक असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवूनच घ्या. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की तिथे पाणी उलट फिरतं, आणि पाण्याच्या आधी हवा येते.

बेसिनखालचा बॉटल ट्रॅप महिन्याला खोला. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचा आणि अल्जिनेटचा (दातांचा साचा घ्यायच्या पावडरचा) थर सापडेल. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं, म्हणून प्लास्टरची वाटी आणि स्पॅट्युला धुवायला वेगळी बादली ठेवा, खाली बसलेला गाळ कचऱ्यात टाका आणि वरचं पाणीच तेवढं बेसिनमध्ये जाऊ द्या.

सक्शन

सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त वास देणारी गोष्ट हीच. रक्त, लाळ, दाताचा भुगा असं सगळं एका अंधाऱ्या, ओल्या नळीतून जातं आणि नळीच्या आतल्या बाजूला थर धरतं. चेअरवरची गाळणी रोज संध्याकाळी काढून धुवायची, मोटरजवळची आठवड्याला. हातात जाड रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. पातळ तपासणीचे हातमोजे घालून हे काम करू देऊ नका.

दाढ काढली, हिरडीची शस्त्रक्रिया केली, की पेशंट उठल्याबरोबर ग्लासभर थंड पाणी सक्शनने ओढा. गरम पाणी वापरू नका, उष्णतेने रक्तातली प्रथिनं गोठून नळीला चिकटतात. पाणी सलग ओढण्याऐवजी टोक पाण्यात बुडवा, बाहेर काढा, पुन्हा बुडवा. पाण्याबरोबर हवा गेली की आत घुसळण होते आणि थर सुटतो. दिवसाच्या शेवटी सक्शनसाठीच बनवलेलं, फेस न होणारं एन्झाइम क्लीनर कंपनीने दिलेल्या प्रमाणात ओढून घ्या. घरचा डिटर्जंट नको, फेस मोटरमध्ये जातो. ब्लीचही नको. त्याने धातूचे भाग गंजतात, आणि जुन्या चांदीच्या भरणाचे कण नळीत अडकलेले असतील तर त्यातला पारा सुटून पाण्यात जाऊ शकतो.

एवढं करूनही सक्शन लावल्यावरच वास येत असेल तर मोटरची हवा कुठे सुटते ते शोधा. जागेची टंचाई असल्याने मोटर माळ्यावर किंवा ओट्याखाली बसवतात आणि तिची हवा तिथेच, खोलीत सोडतात. दिवसभरातल्या सगळ्या तोंडांमधली हवा एसीच्या बंद खोलीत परत येते. हे नुसत्या वासाचं प्रकरण नाही, तिथे काम करणाऱ्यांच्या तब्येतीचं आहे. एक्झॉस्टचा पाइप बाहेर काढा, पण शेजाऱ्यांच्या खिडकीखाली नको.

याच नळीबद्दल आणखी एक गोष्ट. सलाइव्हा इजेक्टरभोवती (लाळ ओढायला तोंडात ठेवलेल्या टोकाभोवती) पेशंटने ओठ मिटले तर नळीतलं पाणी उलट तोंडात येऊ शकतं. "ओठ मिटा आणि ओढू द्या" असं सांगायची सवय अनेक क्लिनिकमध्ये आहे. ती सोडा.

वॉटरलाइन: इथे वास कमी, धोका जास्त

हँडपीस (दात कोरायचं यंत्र), स्केलर (दात साफ करायचं यंत्र) आणि थ्री-वे सिरिंजला पाणी देणाऱ्या नळ्या आतून जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असतात. नळीच्या कडेला पाण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो, आणि रात्रभर तर पाणी जागेवरच उभं राहतं. आत जंतूंचा बुळबुळीत थर धरायला याहून सोयीची जागा नाही. स्केलरचं पाणी पेशंटला मातीसारखं लागलं, बाटलीची आतली बाजू बोटाला निसरडी लागली, तर तो थर चांगलाच पिकलेला आहे.

"आमच्याकडे आरओचं पाणी आहे" हे उत्तर इथे पुरत नाही. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं, शुद्ध होतं, त्यात क्लोरीन घातलं जातं. पण सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत थांबता थांबता क्लोरीन कमी होत जातं, आणि उरलेलं आरओ काढून टाकतो. बाटलीत जातं ते क्षार नसलेलं, पण जंतूंना अडवणारं काहीच न उरलेलं पाणी. आरओच्या पाण्याने नळ्यांत खार धरत नाही हा त्याचा फायदा खरा, म्हणून मीही तेच वापरायला सांगते. मात्र त्यात रोज जंतुनाशक द्रव किंवा गोळी, तुमच्या चेअरच्या कंपनीने मान्य केलेली, घालायलाच हवी.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साध्या उपचारांसाठीच्या पाण्यात एका मिलिलिटरला ५०० पेक्षा जास्त जंतू नसावेत. हा आकडा कागदी नाही. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका बाईंचा लीजनेअर्स आजाराने (पाण्यातल्या जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाने) मृत्यू झाला आणि तो जंतू त्यांच्या दाताच्या दवाखान्यातल्या पाण्यात सापडला. २०१५ मध्ये अमेरिकेत जॉर्जियात आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात पल्पोटॉमी (दुधाच्या दाताच्या नसेचा किडलेला भाग काढणं) झालेल्या लहान मुलांना युनिटच्या पाण्यातून मायकोबॅक्टेरियम या जंतूचा संसर्ग झाला. तो जबड्याच्या हाडापर्यंत गेला, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, काही मुलांचे कायमचे दात गेले. दुधाच्या दाढेच्या उपचाराला आलेली मुलं होती ती. म्हणून हा भाग मी कोणालाही ऐच्छिक म्हणून सांगत नाही.

रोजचा क्रम असा. प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस, स्केलर आणि सिरिंजमधून २० ते ३० सेकंद पाणी आणि हवा सोडा. त्या पेशंटच्या तोंडातलं जे आत ओढलं गेलं असेल ते याने निघतं. थर मात्र याने निघत नाही, सकाळी दोन मिनिटं पाणी सोडूनही निघत नाही. संध्याकाळी बाटली काढून रिकामी करा, नळ्यांतून हवा सोडून त्या कोरड्या करा, बाटली उपडी टांगा. ठरावीक काळाने जोरदार जंतुनाशकाचा शॉक द्या, तोही कंपनीने सांगितलेल्या द्रवाचा आणि तितकाच वेळ. मग पाणी तपासा. हे तपासणं कोणी करत नाही आणि त्याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे आहे. मान्यताप्राप्त लॅबमध्ये "हेटरोट्रॉफिक प्लेट काउंट", म्हणजे पाण्यातल्या जंतूंची मोजणी, सांगा. नमुन्याची निर्जंतुक बाटली लॅबकडूनच घ्या, आत क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन असलेली, आणि नमुना बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. प्रत्येक युनिटचा वेगळा नमुना लागतो.

दाढ कापून काढणं, इम्प्लांट, हाडावरचं कोणतंही काम यासाठी युनिटचं पाणी वापरायचंच नाही. निर्जंतुक सलाइन, वेगळ्या निर्जंतुक सिरिंजने किंवा पंपाने.

कॉम्प्रेसर, ओल, एसी

जुलैत मुंबईच्या एका घनमीटर हवेत २० ग्रॅमहून जास्त पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर ती हवा कित्येक पट दाबतो आणि पाणी टाकीच्या तळाला साठतं. तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह रोज उघडला नाही तर तिथे गंजाचं तपकिरी पाणी होतं आणि त्याचा वास थ्री-वे सिरिंजच्या हवेतून पेशंटच्या तोंडावर जातो. आरशावर नुसती हवा मारून बघा. थेंब किंवा तेलकट डाग दिसला तर ड्रायर आणि फिल्टर बदलायची वेळ झाली आहे. पावसाळ्यात काँपोझिटचं (दाताच्या रंगाचं) भरण लवकर निघून येतं अशी तक्रार असेल तर साहित्याला दोष देण्याआधी ही आरशाची चाचणी करा. आणि कॉम्प्रेसर संडास-मोरीच्या बंद जागेत ठेवू नका, तो तिथलीच हवा ओढतो.

भिंतीला पोपडे आले की रंगारी बोलावतात, आणि पुढच्या पावसात पोपडे परत. पाणी कुठून येतं ते आधी, रंग नंतर. तोवर बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, निदान चार बोटं जागा सोडा. निर्जंतुक हत्यारांच्या सीलबंद पाऊचचं कपाट तर अशा भिंतीजवळ नकोच. दमट झालेला पाऊच निर्जंतुक धरता येत नाही, सील शाबूत असलं तरी. ऑटोक्लेव्हमधून पाऊच ओले निघत असतील तर ते जास्त कोंबले आहेत किंवा ड्रायिंगची वेळ अपुरी आहे. ओल्या पाऊचला काही दिवसांत जो कागदी कुबट वास येतो तोही बऱ्याचदा "क्लिनिकचा वास" म्हणून खपतो.

एसीचा ट्रे आणि ड्रेन पाइप पावसाळ्याआधी साफ करून घ्या, फिल्टर दर पंधरवड्याला धुवा. यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

कचरा

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने माखलेला, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांच्या पुढे ठेवायचा नसतो. रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, पण चांदीचं भरण असलेला दात त्यात नको, कारण पिवळी पिशवी जाळली जाते आणि पारा हवेत जातो. सक्शनच्या प्लास्टिक टिप्स आणि हातमोजे लाल पिशवीत. सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. गाडी ठरल्या दिवशी आली नाही तर त्याच दिवशी फोन करा. डबे पायाने उघडणारे, झाकणाचे, आणि पेशंटच्या डोक्यामागे नकोत.

फिनेल, ब्लीच आणि माणसं

सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर १ भागात ४ भाग पाणी घालून १ टक्का होतं, ते रक्त सांडलं तर. १ भागात ४९ भाग पाणी घालून ०.१ टक्का, ते लादी आणि ओट्यांसाठी. रोज नवं बनवा, कालचं फेका. आधी डिटर्जंटने मळ काढायचा, मग जंतुनाशक लावून सांगितलेला वेळ ओलं राहू द्यायचं. मळावर ओतलेलं ब्लीच मळातच खर्च होतं. चेअरच्या रेक्झीनवर ते लावू नका, रेक्झीन कडक होऊन चिरतं आणि त्या चिरांत पुन्हा ओल बसते.

आणि हे मावशींना स्वतः उभं राहून समजावून सांगा: ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, एकापाठोपाठ एक ओतायचंही नाही. क्लोरीन वायू सुटतो. छोट्याशा, खिडकी नसलेल्या टॉयलेटमध्ये तो जिवावर बेतू शकतो. बाटल्यांवर मराठीत मोठ्या अक्षरांत नावं लिहा. पाण्याच्या जुन्या बाटलीत ब्लीच भरून ठेवायची पद्धत आजच बंद करा.

या सगळ्या कामाला रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास लागतो. तो वेळ पगारात धरा. शेवटचा पेशंट साडेनऊला गेला आणि मावशींची लोकल पावणेदहाची असेल तर सक्शन धुतलं जाणार नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. अपॉइंटमेंट अर्धा तास आधी थांबवा. मावशींना आणि असिस्टंटला हेपटायटिस बीची लस क्लिनिकच्या खर्चाने द्या: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासणी. वापरलेल्या गाळण्या धुणाऱ्या हातांना डॉक्टरांच्या हातांइतकीच जोखीम असते.

तरीही वास येत असेल तर

चेअरच्या पायाशी जंक्शन बॉक्स असतो. पाणी, हवा, ड्रेन आणि वीज तिथूनच वर येतात. त्याचं झाकण सर्व्हिसच्या माणसाशिवाय कोणी उघडत नाही. एखादा सांधा किंचित पाझरत असेल तर पाणी लादीवर न दिसता खालच्या कोब्यात मुरत राहतं, आणि तिथे झुरळंही होतात. रात्री वीज बंद करून आणि पाण्याचा कॉक बंद करून झाकण काढा, आत टिश्यू पेपर पसरा. सकाळी वीज बंदच ठेवून फक्त कॉक उघडा आणि तासाभराने पाहा. टिश्यू ओला असेल तर प्रेशरच्या बाजूचा सांधा गळतो आहे. कोरडा असेल तर स्पिटूनमध्ये तांब्याभर पाणी ओतून पुन्हा पाहा, तेव्हा ओला झाला तर ड्रेनचा सांधा. सर्व्हिसवाल्याला फोन करताना हे नेमकं सांगा, म्हणजे तो योग्य वॉशर घेऊनच येईल. कोबा भिजला असेल तर सांधा बदलल्यावर बॉक्स दोन-तीन दिवस उघडा ठेवून पंख्याने वाळवा, मगच झाकण लावा.